विमानाच्या तिकिटावरचं स्टेशन

मुंबईहून जर्मनीतल्या स्टुटगार्टला निघालेल्या प्रवाशाच्या तिकिटावर बहुतेक वेळा दोन टप्पे छापलेले असतात. पहिला बी-ओ-एम ते एफ-आर-ए, म्हणजे मुंबई ते फ्रँकफर्ट. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी काही तिकिटांवर एस-टी-आर असतं, तर काहींवर झेड-डब्ल्यू-एस. दोन्ही तिकिटांवर लुफ्तान्साचा फ्लाइट क्रमांक असतो, सुटण्या-पोचण्याच्या वेळा असतात, प्रवासाचा वर्ग असतो. पण एस-टी-आर हा स्टुटगार्टचा विमानतळ आहे आणि झेड-डब्ल्यू-एस हे शहराच्या मध्यभागी असलेलं मुख्य रेल्वे स्टेशन. दुसऱ्या तिकिटाचा प्रवासी फ्रँकफर्टला विमानातून उतरतो, पादचारी पुलावरून चालत विमानतळाच्या स्टेशनात जातो आणि आगगाडीत बसतो. तिकिटात विमानाचा प्रकार सांगणारा जो रकाना असतो, त्यात एअरबस किंवा बोइंगच्या मॉडेलऐवजी टी-आर-एन ही तीन अक्षरं येतात. ती ट्रेनची खूण.

मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी-शहरं आहेत. मोटारी आणि यंत्रं बनवणाऱ्या त्या भागात शिकायला आणि नोकरीला जाणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या मोठी आहे. त्यांच्यातल्या अनेकांनी रेल्वे स्टेशनला विमानतळासारखा संकेत मिळालेला पहिल्यांदा पाहिला तो याच तिकिटावर.

असे संकेत जगभर विखुरलेले आहेत. कोलोनचं मुख्य स्टेशन क्यू-के-एल, झ्युरिकचं झेड-एल-पी, स्टॉकहोमचं एक्स-ई-व्ही, लंडनचं किंग्ज क्रॉस क्यू-क्यू-के. पॅरिसच्या गार द्यु नोरला एक्स-पी-जी मिळालं आहे. यांतल्या एकाही ठिकाणी धावपट्टी नाही. अबू धाबी आणि दुबईत बसथांब्यांना संकेत आहेत, मकाऊत बोटींच्या धक्क्याला आहे. विमान कंपन्यांच्या यादीत ही ठिकाणं का शिरली, हे समजून घ्यायचं तर आधी ही यादी कशासाठी बनली ते पाहावं लागतं.

यादी कोणाची?

विमानतळाची तीन अक्षरं ठरवते आयाटा, म्हणजे विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना. 1945 मध्ये हवाना इथे ती स्थापन झाली, मुख्य कार्यालय मॉन्ट्रियलला आहे. तीन अक्षरांची पद्धत मात्र तिच्याहून जुनी. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या विमान कंपन्या हवामान खात्याचे दोन अक्षरी संकेत वापरत. विमानतळ वाढले, दोन अक्षरं अपुरी पडली आणि तिसरं अक्षर आलं. लॉस एंजेलिसच्या एल-ए पुढे एक्स जोडला गेला तो तेव्हाच.

वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांचं काम या यादीवर चालत नाही. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असलेल्या इकाओ या संस्थेचे चार अक्षरी संकेत आहेत. मुंबई तिथे व्ही-ए-बी-बी आहे. कोलोन स्टेशनला असा चार अक्षरी संकेत नाही आणि असण्याचं कारणही नाही, कारण कोणतंही विमान तिथे उतरायची परवानगी मागणार नाही. आयाटाची तीन अक्षरं वापरली जातात वेळापत्रकात, आरक्षणात, भाड्याच्या हिशेबात आणि सामानाच्या पट्टीवर. प्रवासी आणि त्याची बॅग कुठून कुठे न्यायची आहे, एवढंच ती सांगतात. मग तो प्रवास हवेतून होतो की रुळावरून, याने यादीला फरक पडत नाही.

तिन्हींतलं प्रत्येक अक्षर सव्वीसपैकी कोणतंही असू शकतं, म्हणून एकूण 17,576 संकेत तयार होतात. त्यात सगळ्या जगाचे विमानतळ बसवायचे आहेत. एकट्या भारतातली रेल्वे स्टेशनं सात हजारांच्या पुढे आहेत, तेव्हा जगातल्या प्रत्येक स्टेशनला संकेत देणं शक्यच नाही. ज्या ठिकाणाचा विमान कंपनीच्या विक्रीशी थेट संबंध येतो, त्यालाच तो मिळतो. स्टेशनांना आणि थांब्यांना बहुधा क्यू, एक्स किंवा झेडने सुरू होणारी अक्षरं दिली जातात. हा पक्का नियम नाही. झ्युरिकचा विमानतळ झेड-आर-एच आहे आणि चीनमधल्या शिआनचा एक्स-आय-वाय, आणि ते दोन्ही खरेखुरे विमानतळ आहेत.

संगणकाला काय कळतं?

विमानाचं आरक्षण संगणकावर आणण्याचं पहिलं मोठं काम अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी मिळून केलं. सेबर नावाची ती यंत्रणा 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात उभी राहिली. युरोपात 1987 मध्ये एअर फ्रान्स, लुफ्तान्सा, आयबेरिया आणि एसएएस या चार कंपन्यांनी अमाडेयुस काढली. ट्रॅव्हल एजंटच्या पडद्यावर आजही याच घराण्यातल्या यंत्रणा चालतात.

या यंत्रणांना प्रवास एकाच साच्यात कळतो: कंपनीची दोन अक्षरं, फ्लाइट क्रमांक, तारीख, निघण्याच्या ठिकाणाची तीन अक्षरं, पोचण्याच्या ठिकाणाची तीन अक्षरं. ‘कोलोन हाउप्टबानहोफ’ असं पूर्ण नाव लिहायला तिथे जागा नाही. युरोपातल्या रेल्वेंचे स्वतःचे संकेत आकड्यांत असतात आणि त्यात देशाचा क्रमांक येतो, जर्मनीचा 80, फ्रान्सचा 87. तो आकडा विमानाच्या यंत्रणेत टाकून उपयोग नाही. सगळ्या जगातले एजंट, विमान कंपन्या आणि हिशेब जुळवणाऱ्या संस्था वापरतात ती यंत्रणा आगगाडीसाठी नव्याने लिहिण्यापेक्षा स्टेशनला तीन अक्षरं देणं कितीतरी सोपं होतं. म्हणून रेल्वे कंपन्यांनाही विमान कंपन्यांसारखे दोन चिन्हांचे संकेत मिळाले. जर्मनीची डॉइच बान 2ए आहे, फ्रान्सची एसएनसीएफ 2सी, अमेरिकेची ॲमट्रॅक 2व्ही.

रेल्वेची स्वतःची अक्षरं का चालत नाहीत, याचा चांगला नमुना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सापडतो. न्यूयॉर्कजवळच्या न्यूआर्क विमानतळाला 2001 मध्ये रेल्वे स्टेशन मिळालं. पुढच्याच वर्षी कॉन्टिनेंटल एअरलाइन्सने ॲमट्रॅकच्या गाड्यांना आपले फ्लाइट क्रमांक देऊन स्टॅमफर्ड, न्यू हेवन, फिलाडेल्फिया आणि विल्मिंग्टनची तिकिटं विकायला सुरुवात केली. ॲमट्रॅककडे या स्टेशनांचे तीन अक्षरी संकेत तयारच होते. न्यू हेवन एन-एच-व्ही होतं, पण विमानांच्या यादीत ती अक्षरं पॅसिफिक महासागरातल्या नुकु हिवा बेटाची आहेत. स्टॅमफर्डचं एस-टी-एम हे ब्राझीलमधल्या सांतारेमचं निघालं. विल्मिंग्टनचं डब्ल्यू-आय-एल नैरोबीच्या विल्सन विमानतळाकडे होतं. फिलाडेल्फियाच्या स्टेशनाचं पी-एच-एल तर त्याच शहराच्या विमानतळाचंही होतं. ही अक्षरं तशीच ठेवली असती तर स्टॅमफर्डला निघालेली बॅग ॲमेझॉनच्या काठी पोचण्याची सोय झाली असती. म्हणून चारही स्टेशनांना झेडने सुरू होणारी नवी अक्षरं मिळाली. न्यू हेवन झालं झेड-व्ही-ई, आणि फिलाडेल्फियाचं थर्टिएथ स्ट्रीट स्टेशन झेड-एफ-व्ही.

आपल्याकडचे रेल्वे संकेत या यादीशेजारी ठेवले तर असाच गोंधळ दिसतो. भुसावळचं बी-एस-एल विमानांच्या यादीत बासेलचं आहे. मडगावचं एम-ए-ओ ब्राझीलमधल्या मनाउसचं, कोल्हापूरचं के-ओ-पी थायलंडमधल्या नाखोन फानोमचं, आणि कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसचं एल-टी-टी फ्रान्समधल्या सेंट-ट्रोपेझजवळच्या विमानतळाचं.

पिवळी-पांढरी गाडी

आगगाडीला फ्लाइट क्रमांक देण्याचा प्रयोग जर्मनीत फार आधी, 1982 मध्ये झाला. लुफ्तान्साने ड्युसेलडॉर्फ ते फ्रँकफर्ट विमानतळ अशी स्वतःची गाडी सुरू केली. रेल्वेकडे 1970 च्या दशकातल्या ईटी 403 जातीच्या वेगवान गाड्या पडून होत्या. त्यांना पिवळा-पांढरा रंग देण्यात आला. समोरून पाहिल्यावर गाडीचं तोंड चोचीसारखं दिसे, म्हणून लोक तिला ‘डोनाल्ड डक’ म्हणत. वाटेत कोलोन आणि बॉन लागे. गाडीत फक्त विमानाचं तिकीट असलेल्यांनाच प्रवेश होता आणि खाणंपिणं विमानातल्यासारखंच जागेवर मिळे. ऱ्हाइन नदीच्या काठाने जाणारा हा रस्ता सुंदर होता, पण वळणावळणाचा आणि सावकाश. 1993 मध्ये ही सेवा बंद झाली.

पुढच्या दहा वर्षांत रूळच बदलले. 1999 मध्ये फ्रँकफर्ट विमानतळाला लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्वतंत्र स्टेशन मिळालं. 2001 मध्ये लुफ्तान्साने स्टुटगार्टसाठी ‘एअररेल’ नावाने गाड्यांची तिकिटं विकायला घेतली. 2002 मध्ये कोलोन ते फ्रँकफर्ट हा नवा मार्ग सुरू झाला, त्यावर गाड्या ताशी 300 किलोमीटरने धावतात. कोलोनहून फ्रँकफर्ट विमानतळ एका तासाच्या आत आला. 2003 मध्ये कोलोनही एअररेलमध्ये आलं आणि 2007 मध्ये लुफ्तान्साने कोलोन आणि फ्रँकफर्टमधली आपली विमानं थांबवली. फ्रँकफर्टमार्गे जाणाऱ्या लुफ्तान्साच्या तिकिटांवर कोलोन राहिलं, पण ते क्यू-के-एलच्या रूपाने. 2022 मध्ये डॉइच बान ही स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाची भागीदार झाली. विमान नसलेल्या कंपनीला त्या गटात जागा मिळण्याची ती पहिली वेळ.

फ्रान्स आणि बेल्जियममध्येही हेच घडलं. पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळाच्या पोटातच 1994 मध्ये टीजीव्ही गाड्यांचं स्टेशन उघडलं होतं. 2001 मध्ये एअर फ्रान्सने पॅरिस-ब्रसेल्स विमानं बंद करून त्यांच्या जागी थॅलिस या वेगवान गाडीतल्या जागा विकायला सुरुवात केली. तेव्हापासून ब्रसेल्स-मिडी स्टेशन तिकिटावर झेड-वाय-आर म्हणून छापलं जातं. ऑस्ट्रियात 2020 मध्ये कोरोनाच्या काळात ऑस्ट्रियन एअरलाइन्सला सरकारी मदत मिळाली ती पर्यावरणाच्या अटींसह. त्यानंतर कंपनीने व्हिएन्ना-साल्झबुर्ग विमानं थांबवली आणि प्रवाशांना व्हिएन्ना विमानतळाहून थेट साल्झबुर्गला जाणाऱ्या गाड्यांत बसवलं. फ्रान्सने 2023 पासून ऑर्ली विमानतळाहून बोर्दो, नांत आणि लियाँला जाणाऱ्या देशांतर्गत उड्डाणांवर बंदी घातली, कारण तिथे आगगाडीने अडीच तासांच्या आत पोचता येतं.

बस, बोट आणि ट्रक

बसची गोष्ट आखातात सगळ्यांत ठसठशीत दिसते. एतिहाद कंपनीचं ठाणं अबू धाबीला, एमिरेट्सचं दुबईला, आणि दोन शहरांमध्ये दीड-एक तासाचा रस्ता. दोघींनाही दुसरीच्या गावातले प्रवासी हवेत, पण एवढ्या अंतरासाठी विमान उडवण्यात अर्थ नाही. त्यामुळे एतिहादची बस दुबईतल्या एक्स-एन-बीला जाते आणि एमिरेट्सची अबू धाबीतल्या झेड-व्ही-जेला. एतिहादच्या तिकिटावर ‘दुबई’ दिसलं म्हणून कोणी दुबईच्या विमानतळावर जाऊन उभा राहिला, तर त्याची बस शहरात दुसरीकडूनच सुटलेली असेल. तिथे नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांनी तिकीट काढताना ही तीन अक्षरं नीट पाहावीत.

अमेरिकेत रॉकी पर्वतातल्या ब्रेकनरिज या गावी हिवाळ्यात बर्फावर खेळायला झुंबड उडते. गाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ 2,900 मीटर उंचीवर आहे आणि तिथे प्रवासी विमानतळ नाही. 2021 मध्ये युनायटेड एअरलाइन्सने लँडलाइन या बस कंपनीशी करार करून डेन्व्हर विमानतळाहून ब्रेकनरिजला बस सुरू केली. गावाला क्यू-के-बी हा संकेत मिळाला आणि ते युनायटेडच्या संकेतस्थळावर इतर कोणत्याही विमानतळासारखं शोधता येऊ लागलं. पुढच्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने त्याच बस कंपनीला बरोबर घेऊन ॲलनटाउन आणि अटलांटिक सिटीहून फिलाडेल्फियाला बस जोडली. तिथे नवी अक्षरं लागली नाहीत. दोन्ही ठिकाणी विमानतळ होतेच, बस विमानतळाहून विमानतळाला धावू लागली.

हाँगकाँगमध्ये हे काम बोट करते. विमानतळालगतच्या स्कायपिअर धक्क्यावर चीनमधल्या शेकोऊ वगैरे बंदरांहून आणि मकाऊहून बोटी लागतात. पुढे विमान पकडणारा प्रवासी हाँगकाँगच्या इमिग्रेशनमधून न जाता थेट विमानतळाच्या आत पोचतो. मकाऊच्या बोटीच्या धक्क्याचा संकेत एक्स-झेड-एम आहे. आगगाडीला जसं टी-आर-एन, तसं बोटीला एल-सी-एच, बसला बी-यू-एस, आणि एकेकाळी हॉवरक्राफ्टला एच-ओ-व्ही.

विमानाच्या प्रकाराच्या याच रकान्यातलं आर-एफ-एस प्रवाशांच्या नजरेला क्वचितच पडतं, पण त्याच्यावर मोठा व्यापार चालतो. तो आहे मालाचा ट्रक. विमान कंपनी एका गावी माल स्वीकारते, विमानमालाची पावती फाडते आणि ट्रकला फ्लाइट क्रमांक देऊन रातोरात मोठ्या विमानतळावर पाठवते. युरोपात लक्झेंबर्ग किंवा फ्रँकफर्टहून निघणारं मालवाहू विमान असं अनेक देशांतून ट्रकने आलेल्या मालाने भरतं. ट्रकला कस्टम्सचं सील असतं आणि कागदोपत्री माल निघाल्यापासूनच विमान कंपनीच्या ताब्यात असतो.

संकेताबरोबर काय येतं?

प्रवाशाच्या दृष्टीने खरी किंमत आहे ती या ताब्याची. स्टेशनचा संकेत तिकिटावर आला की गाडी आणि विमान हा एकच प्रवास ठरतो. गाडी उशिरा पोचली आणि विमान चुकलं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी विमान कंपनीची. विमान उशिरा आलं तर पुढची गाडी मिळते. हाच प्रवास दोन वेगळ्या तिकिटांवर केला असेल, तर चुकलेल्या विमानाचा भुर्दंड प्रवाशाच्या खिशातून जातो.

जोडलेल्या प्रवासाला विमानाचे नियमही लागू होतात. तिकिटाचे टप्पे क्रमाने वापरावे लागतात. ब्रसेल्स-मिडी ते पॅरिस ते मुंबई असं तिकीट काही वेळा नुसत्या पॅरिस-मुंबईहून स्वस्त पडतं. पण ब्रसेल्सची गाडी सोडून थेट पॅरिसला विमानात बसायला गेलं तर पुढचं तिकीट रद्द झालेलं असू शकतं, कारण पहिल्या टप्प्याला प्रवासी आलाच नाही अशी नोंद झालेली असते. गाडीसाठीही आधी चेक-इन करून घ्यावं लागतं. सामानाची व्यवस्था ठिकाणागणिक बदलते. एअररेलच्या सुरुवातीच्या काळात कोलोन आणि स्टुटगार्टच्या स्टेशनात बॅगा जमा करता येत, पुढे ती सोय गेली. आज फ्रँकफर्टला विमान पकडायला निघालेला प्रवासी बॅग स्वतः गाडीत चढवतो आणि विमानतळाच्या स्टेशनाच्या वरच्या कक्षात जमा करतो.

महाराष्ट्रात या जोडणीची गरज रोज दिसते. पुण्याहून मुंबईचा विमानतळ गाठणारे हजारो लोक टॅक्सीने किंवा बसने जातात आणि घाटात कोंडी होईल या धास्तीने चार-पाच तास आधी घर सोडतात. कोंडीत विमान चुकलं तर विमान कंपनीचा त्याच्याशी संबंध नसतो. फ्रँकफर्ट आणि शार्ल द गॉल इथे हे साधलं, कारण लांब पल्ल्याचे रूळ विमानतळाच्या दारात आले. मुंबईत तसं स्टेशन नाही, पण ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो 3 पूर्ण सुरू झाली. पुण्याच्या गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलेला माणूस आता गाडी न बदलता भुयारी मेट्रोने विमानतळाच्या टर्मिनल 2 पर्यंत जातो. दिल्लीने याच्याही पुढची एक पायरी गाठून दाखवली आहे. तिथल्या एअरपोर्ट एक्स्प्रेस मार्गावर नवी दिल्ली मेट्रो स्टेशनातच काही कंपन्यांच्या प्रवाशांना बॅगा जमा करून बोर्डिंग पास घेता येतो.

पुणे स्टेशनाला तीन अक्षरं हवीत तर पी-एन-क्यू चालणार नाही, ती लोहगाव विमानतळाची आहेत. यादीत मोकळी अक्षरं सापडतील. त्याआधी एखाद्या विमान कंपनीला आणि रेल्वेला एका टेबलावर बसून तीन गोष्टी ठरवाव्या लागतील: ठरावीक गाड्यांमध्ये विमानाच्या प्रवाशांसाठी राखीव जागा, गाडीच्या उशिराची खबर कंपनीच्या यंत्रणेत वेळेवर पोचण्याची सोय, आणि विमान चुकल्यास रात्रीच्या मुक्कामाचा आणि नव्या तिकिटाचा खर्च कोणी सोसायचा याचा लेखी करार.